साथीच्या काळात फोनवर केसवर्क कसं केलं, जरा सविस्तर सांगते

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचं नुकतंच एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण झालंय आणि त्या एका महिला संस्थेत लागल्यात. संस्थेने त्यांना काम दिलंय की उद्या पुन्हा कोविडसारखी साथ आली, सगळं बंद झालं, तर घरगुती हिंसेच्या केसेस फोनवर कशा घ्यायच्या ते लिहून काढा. आणि त्यांच्या सिनियर म्हणाल्या की २०२०मध्ये आपण नुसते रेशन वाटत बसलो, समाजकार्य असं काही झालंच नाही, तर हे खरं आहे का असंही त्यांनी विचारलंय. मी मुंबईतल्या गोवंडी-मानखुर्द भागात २२ वर्षं हेच काम, म्हणजे केसवर्क (एकेका बाईची अडचण धरून तिच्यासोबत काम) करतेय, कोविडच्या दोन्ही वर्षांतही तिथल्याच केसेस पाहिल्या, त्यामुळे जे जमलं आणि जे चुकलं ते दोन्ही सांगते. उत्तर लांबणार आहे, वेळ काढून वाचा.

आधी प्रश्न थोडा सरळ करून घेऊ. फोनवर काउन्सेलिंग कसं करायचं हे शिकता येतं, आवाज कसा ठेवायचा, मध्ये किती थांबायचं, हे दोन-तीन महिन्यांत जमतं. अडलं होतं ते दुसरीकडेच. बाईला एकटीला बोलायला मिळत नव्हतं. १० बाय १२ची खोली, वर पोटमाळा, घरात सहा माणसं. एरवी नवरा सकाळी आठला कामाला जायचा तो रात्री यायचा, मुलं शाळेत, आणि आमचं सगळं काम त्या मधल्या तासांवर चालायचं. बाई बालवाडीत मूल सोडायला आली की बोलायची, दवाखान्यात जाते सांगून ऑफिसला यायची, पाणी भरता भरता नळावर कार्यकर्तीला हळूच सांगायची. २४ मार्च २०२०च्या रात्री लॉकडाउन जाहीर झाला आणि हे तास एका रात्रीत संपले. मारणारा चोवीस तास समोर, आणि बऱ्याच घरांत फोन एकच, तोही त्याच्या खिशात. म्हणून कार्यपद्धती लिहिताना 'फोनवर काय बोलायचं' यापासून सुरुवात करू नका. 'ती कधी आणि कुठे एकटी असते' इथून करा.

आमची पहिली चूक इथेच झाली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही आमच्या सगळ्या जुन्या केसेसना व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला, की त्रास होत असेल तर या नंबरवर फोन करा, खाली हेल्पलाइनचे नंबर. चांगल्या मनाने केलं होतं, तेव्हा सगळ्याच संस्था तेच करत होत्या. एका घरात तो मेसेज नवऱ्याने वाचला, तू माझी तक्रार केलीस का म्हणत फोन भिंतीवर आपटला आणि मग तिला मारलं. तीन आठवडे आमचा तिच्याशी संपर्क नव्हता. हे मला शेजारच्या खोलीतल्या मुलीकडून कळलं. त्यानंतर आम्ही नियम केला की हिंसेबद्दल एक अक्षरसुद्धा लेखी पाठवायचं नाही, आणि बाईने स्वतःहून वेळ सांगितल्याशिवाय फोन करायचा नाही.

मग करायचं काय? आमच्या एका जुन्या कार्यकर्तीने सुचवलं की रेशनच्या यादीचं निमित्त करू. फोन लागला की पहिलं वाक्य ठरलेलं, "रेशनच्या यादीसाठी बोलतेय, घरात माणसं किती?" हे नवऱ्याने ऐकलं तरी काही बिघडत नाही, उलट तोच म्हणतो स्पीकरवर टाक. मग तिला विचारायचं, साखर किती किलो लिहू? हे आधी समोरासमोर ठरवून ठेवलेलं असायचं. एक किलो म्हणजे ठीक चाललंय, दोन म्हणजे शिवीगाळ, तीन म्हणजे हात उचलला, पाच म्हणजे आत्ताच्या आत्ता कुणाला तरी पाठवा. दोन आठवडे बरं चाललं आणि मग एका घरात नवरा मागून म्हणाला, अगं पाच किलो सांग ना, फुकट आहे तर. तिने पाच सांगितलं, आणि मी फोन धरून बसले की हे पाच खरं समजायचं की त्याचं. त्या दिवशी माणूस पाठवला, तिथे सगळं ठीक होतं, पण अशी धावपळ रोज परवडत नाही आणि खरी वेळ आली की कुणाचा विश्वास बसत नाही. म्हणून आम्ही साखरेच्या जागी काडेपेट्या केल्या. काडेपेटी जास्त माग असं कुणी बायकोला सांगत नाही.

यात एक गोष्ट अगदी काटेकोर पाळली. फोनवर जे लिहून घेतलं ते पिशवीत गेलंच पाहिजे. तीन काडेपेट्या सांगितल्या तर पिशवीत तीनच. कारण तो पिशवी उपसून बघतो, आणि बोलण्यात आणि सामानात फरक दिसला तर त्याची किंमत ती मोजते.

नवीन केस असेल, आधी काही ठरलेलंच नसेल, तर मी फक्त हो-नाहीचे प्रश्न विचारायचे. ते घरात आहेत का? शेजारीच बसलेत का? आज मारलं का? मुलं तुमच्याजवळ आहेत का? कुठून रक्त येतंय का? पाच प्रश्नांत पुरेसं कळतं. शेवटी विचारायचं, मी पुन्हा फोन करू का. ती नाही म्हणाली तर नाही. आपल्याला कितीही काळजी वाटली तरी त्या घरातली हवा तिला आपल्यापेक्षा जास्त कळते.

आता संडासचं सांगते, कारण हे कुठल्या पुस्तकात मिळायचं नाही. आमच्या वस्त्यांत घरात संडास नाही, सार्वजनिक आहे, आणि तेव्हा सगळे सांगत होते की संसर्ग तिथूनही पसरतो, तिथे गर्दी करू नका, आणि ते बरोबरच होतं. पण आमच्या बायांना घरातून एकटीने बाहेर पडायला तेवढंच एक कारण उरलं होतं. सकाळची गर्दी ओसरली की साधारण साडेदहा ते बारा जरा मोकळं असायचं. आमच्या दोन कार्यकर्त्या वस्तीतल्याच होत्या, त्या साबण आणि सॅनिटायझर घेऊन तिथे उभ्या राहायला लागल्या, हात धुवायला सांगायच्या, आणि ज्या बाईला बोलायचंय तिच्याशी भिंतीच्या कडेला पाच मिनिटं बोलायच्या. काडेपेट्यांचं गणित तिथेच समजावलं जायचं. एक बाई फोन प्लॅस्टिकच्या डब्यात घालून वर फडकं टाकून आणायची आणि दार लावून आतून मला फोन करायची. बाहेरून कुणी दार ठोठावलं की बोलणं तुटायचं, पुढचं दुसऱ्या दिवशी. सगळं मिळून एका केसचं पहिलं बोलणं पुरं व्हायला सहा दिवस लागले.

तर तुमच्या सिनियरना माझं उत्तर असं आहे की रेशन वाटलं म्हणूनच केसवर्क झालं. त्या दिवसांत कुणाच्याही दारावर थाप मारायला रेशन हे एकच कारण चालत होतं. पोलीस अडवायचे नाहीत, नवरा हाकलायचा नाही, शेजारी संशय घ्यायचे नाहीत. शिवाय भूक खरी होती. एप्रिल २०२०पासून केंद्राचं माणशी पाच किलो धान्य फुकट सुरू झालं, पण ते ज्यांच्याकडे अन्नसुरक्षेचं रेशनकार्ड होतं त्यांना. भाड्याने राहणारे, कार्ड गावाला असलेले, लग्नानंतर सासरच्या कार्डावर नावच न चढवलेल्या बाया, हे सगळे त्या यादीबाहेर. नावच नसलेली बाई हिंसेच्या केसमध्ये पण सगळ्यात एकटी असते, हे तेव्हा रेशनची यादी करताना इतकं ठळक दिसलं की आता मी नवीन केस घेताना तिसऱ्या-चौथ्या प्रश्नात विचारतेच, रेशनकार्डावर तुझं नाव आहे का.

पण सिनियरचं एक म्हणणं मला पटतं. बऱ्याच ठिकाणी पिशवी दिली, फोटो काढला, पुढच्या दारात गेले, असंही झालं. देणगीदारांना फोटो हवे असतात हे मला कळतं, मीही मागणी झेलली आहे. तरी पिशवी हातात धरून मान खाली घातलेल्या बाईचा फोटो काढायचा नाही, याला माझ्याकडे अपवाद नाही. आणि आधार कार्डांचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होते, नाव, पत्ता, जन्मतारीख सगळं, त्यात घर सोडून लपून राहणाऱ्या बायांचेही पत्ते होते. हे तुमच्या कार्यपद्धतीत स्पष्ट लिहा, कागद कुणाकडे जातो, किती दिवस ठेवायचा, कधी डिलीट करायचा.

इथपर्यंत मी संपर्काचं सांगितलं, म्हणजे एकांताची वेळ शोधणं, बहाणा ठरवणं, बहाण्याला जागणं. पुढचं सगळं परिस्थितीवर आहे, इथे कुणी तुम्हाला पक्की पायरी-पायरी सांगितली तर विश्वास ठेवू नका. शहर आहे की गाव, एकत्र कुटुंब आहे की दोघंच, माहेर जवळ आहे का, कार्यकर्ती वस्तीतली आहे की बाहेरून येते, पोलीस ठाण्यात समाजकार्यकर्ती बसते का. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या समाजकार्य शिकवणाऱ्या संस्थेने पोलिसांबरोबर १९८४मध्ये महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, पुढे तो राज्यभर गेला, आणि जिथे तो कक्ष जागा होता तिथे लॉकडाउनमध्येही एका फोनवर काम व्हायचं. जिथे तसं कुणी नव्हतं तिथे पोलीस बंदोबस्तात अडकलेले, ठाण्यात ऐकायला कुणी नाही. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे बाईला काय हवंय. माझ्याकडच्या बहुतेक बायांना तेव्हा घर सोडायचं नव्हतं, त्यांना मार थांबायला हवा होता. अशा वेळी ठाण्यातून नवऱ्याला एक फोन, किंवा तो ज्याचं ऐकतो अशा माणसाचा एक फोन, याने काही आठवडे तरी निभायचे. हे कायमचं उत्तर नाही हे मलाही माहीत आहे. पण साथीत काही आठवडे निभणं हीसुद्धा मोठी गोष्ट होती.

जिला निघायचंच होतं तिची अवस्था वाईट. निवाऱ्याला फोन केला की आधी कोविडचा रिपोर्ट आणा. रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस, ते दिवस ती कुठे राहणार? एका बाईला आम्ही दोन रात्री आमच्या बालवाडीच्या खोलीत ठेवलं, पंखा नव्हता, दोन मुलं सोबत. माहेर साताऱ्याकडे. तेव्हा जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागायचा, त्यातल्या कारणांत 'नवरा मारतो' असं कारण नव्हतं, दोन अर्ज नाकारले, तिसऱ्या वेळी संरक्षण अधिकाऱ्यांचं (कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली सरकारने नेमलेले अधिकारी) पत्र जोडलं तेव्हा मिळाला. गावाने वेशीवरच अडवलं आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत १४ दिवस ठेवलं, मुंबईची माणसं म्हणून कुणी जवळ येईना, आई गेटवर डबा ठेवून लांब उभी राहायची. मला वाटलं ही आता कोसळणार. चौथ्या दिवशी तिचा फोन आला, म्हणाली, ताई, लग्नानंतर पहिल्यांदा सलग झोपले.

कायद्याचं थोडक्यात. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात संरक्षण अधिकारी आणि घटना अहवाल, म्हणजे हिंसेची लेखी नोंद, आहे, तो अहवाल लॉकडाउनमध्येही भरता येत होता, आम्ही माहिती फोनवर घेऊन ईमेलने पाठवायचो. त्याच कायद्याच्या कलम १९खाली कोर्ट पुरुषाला घराबाहेर राहायला सांगू शकतं, हे लोक विसरतात. दरवेळी बाईनेच पिशवी भरून निघायचं असं कायदा म्हणत नाही. कोर्टं तेव्हा फक्त तातडीचं घेत होती, त्यामुळे अर्जात तातडी का हे पहिल्या परिच्छेदात यायला हवं.

दारूचं एक वेगळं सांगते. लॉकडाउन लागला तशी दारूची दुकानं बंद झाली, मे उजाडेपर्यंत. काही घरांत तेवढे दिवस मार थांबला आणि बाया म्हणाल्या हे असंच राहू दे. पण जो रोजचा पिणारा त्याची दारू अचानक तुटली की हात थरथरतात, झोप उडते, भास होतात, कधी फिट येते. दोन घरांतून फोन आला की अंगात काहीतरी आलंय, मांत्रिकाला बोलवायचं चाललंय. ते विथड्रॉवल होतं, त्यात जीव जाऊ शकतो, तिथे काउन्सेलिंग करत बसायचं नाही, हॉस्पिटलला न्यायचं. महिला संस्थेतल्या कार्यकर्तीलाही ही लक्षणं माहीत पाहिजेत, कारण त्या घरातून फोन तिलाच येणार.

टीबीचं पण एक वाक्य तुमच्या कागदात असू द्या. आमच्या भागात टीबी खूप, आणि खोकला आला की लोक लपवायला लागले, नाहीतर क्वारंटाइन सेंटरला नेतील. देशात २०१९मध्ये टीबीचे २४ लाख रुग्ण नोंदले गेले होते, २०२०मध्ये १८ लाख. बाकीचे बरे झाले नव्हते, ते नोंदणीपर्यंत पोचलेच नाहीत. ज्या बाईशी हिंसेबद्दल बोलतोय तिला गोळ्या चालू आहेत का हेही विचारायचं.

दुसऱ्या लाटेनंतर कामाची जातच बदलली. २०२१च्या उन्हाळ्यात पस्तिशी-चाळिशीतले पुरुष गेले आणि आमच्याकडे विधवा यायला लागल्या. नवरा हॉस्पिटलला नेला तो परत दिसलाच नाही, अंत्यदर्शन नाही, आणि दहाव्याच्या आत दिराने कपाटाची किल्ली मागितली. यात माझं शिकणं असं झालं की दुःखावर बोलायला घाई करायची नाही, आधी कागद. मृत्यूचा दाखला, टेस्टचा रिपोर्ट, हॉस्पिटलचं डिस्चार्ज किंवा डेथ समरी, लग्नाचा पुरावा, बँकेचं पासबुक, सगळ्याच्या झेरॉक्स त्याच दिवशी. सुप्रीम कोर्टामुळे कोविडने गेलेल्यांच्या घरच्यांना ५० हजारांचं सानुग्रह अनुदान मिळालं, आणि कोर्टाने ऑक्टोबर २०२१मध्ये स्पष्ट सांगितलं की दाखल्यावर कोविड लिहिलेलं नाही एवढ्यावरून अर्ज नाकारता येणार नाही. तरी खालच्या पातळीवर नाकारत होते, आम्ही आदेशाची प्रत सोबत घेऊन जायचो. एका बाईच्या आधी सासूने अर्ज करून टाकला होता. मग तहसीलला चार खेपा, शेवटी निम्मे-निम्मे ठरलं. अनाथ झालेल्या आणि एकच पालक उरलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना होती, राज्याने त्याच वर्षी कोविडमधल्या विधवा आणि अनाथ मुलांना योजना मिळवून द्यायला मिशन वात्सल्य काढून तालुक्याला समित्या केल्या, पण त्यापर्यंत पोचायला बाईला कुणीतरी सोबत लागायचंच. बोलणं तहसीलच्या लाइनीत उभं राहून व्हायचं. तीन तासांच्या लाइनीत ती जे बोलली ते खुर्ची मांडून समोर बसवलं असतं तर बोलली नसती.

आता आपल्याबद्दल, म्हणजे काम करणाऱ्यांबद्दल. लोकल बंद, पुढे जून २०२०मध्ये सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी, त्यात आम्ही नव्हतो. त्यामुळे माझ्यासारख्या लांब राहणाऱ्या घरून फोनवर आणि खरं काम वस्तीतल्या मानधनावरच्या कार्यकर्त्यांनी केलं, ज्यांना ना विमा ना पगारी रजा. पुढे सप्टेंबर २०२०मध्ये परदेशी देणगीचा कायदा बदलला, मोठ्या संस्थेला छोट्या संस्थेकडे ते पैसे देता येईनात, आणि ऐन साथीत आमच्या ओळखीच्या तीन छोट्या संस्थांची मानधनं थांबली. घरून काम करणं पण सोपं नव्हतं. मी स्वयंपाकघरात दार लोटून बोलायचे, एके दिवशी माझ्या नववीतल्या मुलाने विचारलं, आई, पाच काडेपेट्यावाली मावशी बरी आहे का? म्हणजे तो सगळं ऐकत होता. गोपनीयता फक्त तिच्या बाजूची नसते, आपल्या घराच्या भिंतीही बघाव्या लागतात. त्या दिवसापासून मी जिन्यात जाऊन बोलायला लागले आणि दर शुक्रवारी आम्ही सहाजणी तासभर फोनवर एकमेकींशी बोलायचो, नावं न घेता, आठवड्यात काय झेपलं नाही एवढंच. हा तास संस्थेने कामाच्या वेळात धरलाच पाहिजे.

शेवटचा मुद्दा, आणि हा मला लिहायला जड जातो. काडेपेट्यांची युक्ती जिने सुचवली ती आमची कार्यकर्ती एप्रिल २०२१मध्ये गेली. तिच्याकडे ११ केसेस होत्या. तिने सुरक्षेसाठी वहीत नावं लिहिली नव्हती, खुणा केल्या होत्या, भाजीची नावं, गल्लीच्या जवळचं दुकान असं. त्या खुणा फक्त तिलाच माहीत. वही माझ्या हातात आली तेव्हा मला 'दुधी, पाण्याची टाकी, मंगळवार' एवढंच दिसत होतं. आम्ही तिच्या गल्ल्यांतून फिरलो, तिच्या बहिणीला विचारलं, संडासजवळ उभं राहून वाट पाहिली. दोन महिन्यांत नऊ बाया सापडल्या. दोघी नाही सापडल्या.

म्हणून तुमच्या कागदावर हे सगळ्यात वर लिहा, एका केसच्या खुणा कमीत कमी दोघींना माहीत हव्यात, आणि दर महिन्याला दोघींनी समोरासमोर बसून त्या ताडून बघायच्या. आमची सध्याची वही कशी आखलीय ते हवं असेल तर सांगा, नावं काढून नमुना टाकते.